प्राण्यांवर मणक्याच्या मॅनिप्युलेशनचा अभ्यास प्रयोगशाळेत कसा होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंधाचे दिवस आले की एमपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या) मुलांकडून, एरवी प्रॅक्टिस करणाऱ्या फिजिओंकडून, आणि मधूनच एखाद्या "पाठ कटकन वाजली की बरं वाटतं, पण का?" असं विचारणाऱ्या रुग्णाकडून तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहिली. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. "उंदीर" म्हणजे इथे सगळीकडे प्रयोगशाळेतला पांढरा रॅट.

1. मॅनिप्युलेशन आणि मोबिलायझेशन यात फरक काय? दोन्हीत सांधाच हलवतात ना?

फरक वेगाचा आहे. मोबिलायझेशनमध्ये सांधा हळूहळू, लयीत हलवतात, आणि रुग्ण मध्येच "थांबा" म्हणू शकतो. मॅनिप्युलेशनमध्ये आधी सांधा दाबून त्याच्या ताणाच्या टोकापर्यंत नेतात. हा झाला प्रीलोड. मग तिथूनच एक छोटा, वेगवान झटका देतात, त्याला थ्रस्ट म्हणतात. हा थ्रस्ट साधारण 100 ते 200 मिलिसेकंदांत, मानेवर तर त्याहून लवकर, आटोपतो. रुग्णाने अंग आखडून घ्यायच्या आत काम झालेलं असतं. सांधा किती हलतो ते अगदी थोडं, पण किती लवकर हलतो ते महत्त्वाचं. प्रयोगशाळेत जे मोजायचं ते नेमकं हेच: किती प्रीलोड, किती बळ, किती मिलिसेकंद, कोणत्या दिशेने.

2. माणसावरच अभ्यास करता येत असताना प्राणी कशाला?

माणसावर पुष्कळ काही करता येतं: स्नायूंची विद्युत क्रिया, वेदनेचा उंबरठा, दाबाच्या पट्ट्यांवर बळाचा आलेख. पण जिवंत माणसाच्या मज्जारज्जूजवळची मूळ-नस उघडून तिचा एकच तंतू तारेवर ठेवता येत नाही. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडून एखादा वेदनामार्ग बंद करून बघता येत नाही. आठ आठवडे मणके जखडून नंतर त्या सांध्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली लावता येत नाहीत. या तीन कामांसाठी प्राणी लागतो. "उपचार काम करतो का" हा प्रश्न मात्र शेवटी रुग्णांवरच्या चाचण्यांनीच सुटतो. उंदरावरचा पेपर पुढे करून रुग्णाला खात्री देणारे भेटले की मला कोपरापासून नमस्कार करावासा वाटतो.

3. कोणते प्राणी वापरतात, आणि तेच का?

प्रश्न ठरला की प्राणी आपोआप ठरतो. एकेका नसतंतूचं बोलणं ऐकायचं असेल तर मांजर: तिच्या पाठीच्या स्नायूंची आणि नसांची मांडणी चांगली अभ्यासलेली आहे आणि मूळ-नसा हाताळता येतील इतक्या मोठ्या आहेत. वेदनेचं वर्तन, औषधं, पेशींचे काप यांसाठी उंदीर. बळ आणि मणक्याची हालचाल मोजायची असेल तर मेंढी किंवा डुक्कर, कारण त्यांचा मणका माणसाच्या मापाच्या जवळपास असतो.

एक गोष्ट विद्यार्थी हमखास चुकवतात. माणसाला कमरेचे 5 मणके, उंदराला 6, मांजरीला 7. म्हणून मांजरीवरच्या पेपरात "एल-6" (कमरेचा सहावा मणका) वाचून कुणी ते माणसाच्या एस-1 शी (कमरेखालच्या त्रिकास्थीच्या पहिल्या मणक्याशी) जोडलं तर तो हिशेब चुकला.

4. मांजरीवरचा तो प्रसिद्ध प्रयोग नेमका करतात कसा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी 1895 साली पहिलं "अ‍ॅडजस्टमेंट" केलं, तिथून कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके हलवून उपचार करण्याची पद्धत, सुरू झाली. शंभरहून अधिक वर्षांनी त्याच गावातल्या पामर केंद्रात जोएल पिकार आणि सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला की झटक्याच्या क्षणी पाठीच्या स्नायूतून मज्जारज्जूकडे नक्की काय जातं. 2001 पासून त्या पद्धतीवर पेपरांची माळच आली.

मांजरीला खोल भूल दिलेली असते आणि ती प्रयोगाच्या शेवटपर्यंत भुलीतच राहते. कमरेच्या मणक्याची मागची कमान काढून मूळ-नसा उघड्या करतात. आजूबाजूची त्वचा वर ओढून एका कड्याला बांधतात, म्हणजे पाठीवर एक छोटं तळं तयार होतं. त्या तळ्यात कोमट पॅराफिन तेल भरतात, नाहीतर उघडी नस कोरडी पडून मरते. आता सूक्ष्मदर्शकाखाली, घड्याळजीच्या चिमट्याने, एल-6 ची मागची मूळ-नस चिरत चिरत जायचं. दोराचे पदर सुटे करावेत तसं. शेवटी हातात असा धागा यायला हवा ज्यात एकच तंतू बोलतो. तो बारीक तारेच्या आकड्यावर ठेवला की स्पीकरमधून टक-टक आवाज येतो. तासन्‌तास चालणारं काम आहे, आणि धागा तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

मग तो तंतू कुणाचा हे पटवायचं. स्नायूला विजेचा छोटा धक्का देऊन आखडवतात. स्नायू आखडताना टक-टक थांबली तर तो स्नायू स्पिंडलचा तंतू, कारण स्पिंडल ताण मोजतो आणि स्नायू आखडला की तो सैल पडतो. वाढली तर गोल्जी टेंडन अवयवाचा, म्हणजे स्नायूची ओढ मोजणाऱ्या स्नायुबंधातल्या संवेदकाचा. स्पिंडलला चेतवणारं सक्सिनिलकोलीन हे औषध दिल्यावर टक-टक वाढली तर स्पिंडलवर शिक्कामोर्तब. हे झाल्यावर एल-6 मणक्याच्या मागच्या काट्याला चिमट्याने पकडून मोटर जोडतात आणि झटका देतात.

5. झटका हाताने का देत नाहीत? दवाखान्यात तर हातानेच देतात.

कारण एका माणसाचे दोन झटकेही सारखे नसतात. दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्यालाही बळाच्या पट्टीवर उभं केलं तर आलेख दर वेळी वेगळा उमटतो. म्हणून संगणकाने चालवलेली, बळ किंवा विस्थापन यांवर स्वतःच लक्ष ठेवणारी मोटर वापरतात. तिला सांगायचं: इतका प्रीलोड, मग टेकडीच्या आकाराचा चढ-उतार, माथ्यावर इतकं बळ, एकूण वेळ इतका.

पिकार आणि कांग यांनी 2006 साली हेच केलं. झटक्याची लांबी 25, 50, 100, 200, 400 आणि 800 मिलिसेकंद अशी बदलत नेली. झटका लहान होत 100 मिलिसेकंदांच्या आसपास आला की स्पिंडलचं बोलणं एकदम वाढतं असं दिसलं. म्हणजे दवाखान्यात अनुभवाने हाताला लागलेला वेग आणि स्पिंडलला "ऐकू येणारा" वेग जवळजवळ एकच. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा निष्कर्ष वाटतो. त्याने रुग्ण बरा होतो हे सिद्ध होत नाही, ती वेगळी गोष्ट.

6. माणसावर 400 न्यूटन लावतात, मग उंदरावर किती?

वजनाच्या टक्क्यांत मोजतात. माणसाच्या पाठीच्या मधल्या भागावर झटक्याचं माथ्यावरचं बळ सुमारे 400 न्यूटन असतं, मानेवर 100 च्या आसपास. 70 किलोच्या माणसाचं वजन म्हणजे अंदाजे 687 न्यूटन, तेव्हा 400 न्यूटन झाले साधारण 58 टक्के. त्याच हिशेबाने 4 किलोच्या मांजरीला सुमारे 23 न्यूटन आणि 300 ग्रॅमच्या उंदराला अवघे 1.7 न्यूटन. पेपरांत "शरीरवजनाच्या 55 टक्के" किंवा "85 टक्के" असे आकडे दिसतात ते यातूनच येतात.

हा हिशेब सोयीचा आहे, पण बिनचूक नाही. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याच्या कण्यावर गुरुत्वाचा भार वेगळ्या रीतीने येतो, फॅसेट सांध्यांचे (मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्यांचे) कोन वेगळे, स्नायूंची जाडी वेगळी. शिवाय माणसासाठी बनवलेलं स्प्रिंगचं हातयंत्र उंदरावर टेकवून वापरलेलं काही पेपरांत सापडतं. तिथे बळ उंदराच्या मापाचं केलं आहे का, हे आधी बघा. या यंत्राचा झटका काही मिलिसेकंदांतच संपतो, हेही लक्षात ठेवा: तो प्रश्न 1 मधल्या हाताच्या झटक्यापेक्षा फार लहान आहे.

7. एकदा झटका दिला, आलेख आला. लगेच दुसरा देता येतो का?

नाही, आणि हे कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. स्नायूला आठवण असते. तो काही सेकंद ताणून किंवा आखडून धरला की आतल्या तंतूंचे बंध तिथेच घट्ट होतात, आणि पुढच्या वेळी स्पिंडल वेगळंच उत्तर देतो. याला थिक्सोट्रॉपी म्हणतात. जाडसर रंग ढवळला की पातळ आणि ठेवला की घट्ट होतो, तसंच. गे, लाँग आणि पिकार यांनी 2005 साली मांजरीवर दाखवलं की मणका एखाद्या बाजूला काही सेकंद धरून ठेवला तरी नंतरचं उत्तर बदलतं. म्हणून प्रत्येक झटक्याआधी मणका ठरावीक पद्धतीने हलवून स्नायूची पाटी कोरी करतात. ज्या पेपरात ही पायरी लिहिलेली नाही तिथे आकडे जपून घ्या.

8. निरोगी उंदराची पाठ दुखत नाही. मग कमी काय करायचं?

आधी दुखणं तयार करावं लागतं, आणि त्याच्या ठरलेल्या रीती आहेत. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, घोट्याच्या सांध्यात टोचतात. पाठीच्या स्नायूत एनजीएफ हे प्रथिन काही दिवसांच्या अंतराने दोनदा टोचतात. मणक्यांमधल्या नस बाहेर पडणाऱ्या छिद्रात दाह निर्माण करणारं मिश्रण सोडतात. 1988 साली बेनेट आणि शी यांनी सांगितलेल्या रीतीने मांडीतल्या सायटिक नसेला चार सैल टाके घालतात.

प्रत्येक रीतीचं दुखणं वेगळं. सायटिक नसेच्या टाक्यांनी नसेचं दुखणं येतं, कमरेच्या साध्या लचकेचं नाही. रुग्णांना जी बिनकारणाची, महिनोन्‌महिने रेंगाळणारी कंबरदुखी असते तिच्या जवळ जाणारी रीत मला तरी यांतली एकही वाटत नाही. एनजीएफ त्यातल्या त्यात बरी.

9. उंदराला दुखतंय हे कळतं कसं?

तो विचारल्यावर सांगत नाही, पण पाय उचलतो. उंदराला तारेच्या जाळीवर पारदर्शक डब्यात ठेवतात. सुरुवातीला तो डब्याचे कोपरे हुंगत फिरतो, मागच्या पायांवर उभा राहतो, तोंड पुसतो. तेव्हा मोजणी करायची नाही. पंधरा-वीस मिनिटांनी तो निवांत झाला की खालून जाळीच्या फटीतून नायलॉनची बारीक तार तळपायाला टेकवतात, किंचित वाकेपर्यंत. या फॉन फ्रे तारा. प्रत्येक तार ठरावीक भाराला वाकते. पाय उचलला तर पुढची तार हलकी, नाही उचलला तर जड. 1994 साली चॅपलन आणि सहकाऱ्यांनी रुळवलेल्या या चढ-उताराच्या पद्धतीने उंबरठा निघतो. निरोगी उंदीर 15 ग्रॅमच्या तारेलाही बहुधा दाद देत नाही. दाह झालेला उंदीर एखाद-दोन ग्रॅमला पाय झटकून चाटू लागतो.

उष्णतेसाठी 1988 ची हारग्रीव्ह्स पद्धत आहे: काचेखालून तळपायावर प्रकाशाची तिरीप, आणि पाय हलेपर्यंतचे सेकंद. दोन्हींत मोजणाऱ्याला कोणत्या उंदरावर झटका दिला हे ठाऊक असता कामा नये.

10. शॅम गट म्हणजे काय? नुसता "उपचार नाही" गट पुरत नाही का?

पुरत नाही. शॅम म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा उपचार. प्राण्यांवरच्या मॅनिप्युलेशनच्या पेपरात मी सर्वांत आधी उघडतो ते पान शॅमचं.

जागा उंदीर पाठीवर झटका देऊ देत नाही, म्हणून त्याला थोड्या वेळासाठी भूल देतात. आता भूल स्वतःच वेदनेवर परिणाम करते. हातात धरणं परिणाम करतं. पाठीवर यंत्र टेकवणं, तिथले केस काढणं, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून शॅम गटातल्या उंदरालाही तीच भूल, तितकाच वेळ, त्याच जागी तोच स्पर्श हवा. फक्त झटका नको. चांगल्या प्रयोगात आणखी एक गट असतो: झटका दिला, पण दोन मणके दूर. तिथेही तितकाच फायदा दिसला तर "नेमका मणका" ही गोष्ट बाजूला ठेवावी लागते.

प्राण्याला प्लासिबो नसतो असं म्हणतात. अपेक्षा नसते हे बरोबर. पण ताण असतो, आणि ताणाने वेदना दबते.

11. "मॅनिप्युलेशन सेरोटोनिनमार्गे काम करतं" असं वाचलं. हे कसं शोधलं?

मार्ग बंद करून. आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांच्या प्रयोगशाळेतून 2003 साली आलेला हा पेपर आहे. उंदराच्या घोट्यात कॅप्सेसिन, त्यामुळे तळपाय संवेदनशील. मज्जारज्जूभोवती बारीक नळीतून वेगवेगळी अडथळा-औषधं सोडली आणि मग सांधा हलवला. नॅलॉक्सोनने अफूसारख्या द्रव्यांचा मार्ग बंद केला तरी फायदा टिकला. बायक्युक्युलीनने गाबा या नसपेशी शांत करणाऱ्या द्रव्याचा मार्ग बंद केला तरी टिकला. पण सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचे मार्ग अडवले की फायदा गेला. म्हणजे मेंदूकडून खाली उतरणारी वेदना दाबणारी वाट कामाला लागली असावी.

आता खोच. तो सांधा कोणता होता? गुडघा. मणक्याच्या मॅनिप्युलेशनच्या व्याख्यानांत हमखास दाखवली जाणारी ही स्लाइड गुडघ्याची आहे. पेपर उत्तम आहे. त्यावरून पाठीबद्दल बोलताना मात्र "बहुधा" हा शब्द सोडू नका.

12. कायरोप्रॅक्टर "सबलक्सेशन" म्हणतात. ते प्राण्यात तयार करून दाखवलं आहे का?

सबलक्सेशन म्हणजे त्यांच्या मते जागेवरून सरकलेला मणका. प्राण्यात तयार केलं ते मात्र मणके जखडणं. चार्ल्स हेंडरसन आणि ग्रेगरी क्रेमर यांच्या गटांनी उंदराच्या एल-4, एल-5, एल-6 च्या काट्यांवर छोटे धातूचे भाग बसवले, ते त्वचेबाहेर आणले आणि बाहेरून एकमेकांना जोडून टाकले. एक, चार, आठ आठवडे असे गट करून नंतर सांध्यांचे काप पाहिले. जखडलेल्या फॅसेट सांध्यांत हाडाची टोकं वाढलेली आणि सांध्याचे पृष्ठभाग झिजलेले दिसले, आणि सांध्याच्या पोकळीत चिकट पडदेही. वेळ वाढला तसं सगळं वाढलं.

यातून कळलं ते हे की हालचाल बंद झाली की फॅसेट सांधा बिघडतो. प्लॅस्टरमधून निघालेला गुडघा ज्याने पाहिला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. "सरकलेला मणका नस दाबून आजार आणतो" ही पामर यांची मूळ कल्पना मात्र या प्रयोगाने ना सिद्ध होते ना खोडली जाते. प्रयोगाचा तो विषयच नव्हता.

13. मणक्याच्या झटक्याने बीपी उतरतं असं एका व्हिडिओत ऐकलं. आधार आहे का?

व्हिडिओतला "आधार" बहुधा इथवर पोचतो: अकिओ सातो आणि स्वेन्सन, 1984. भूल दिलेल्या उंदराचे मणके बाजूला वाकवले असता रक्तदाब उतरला आणि मूत्रपिंड व अधिवृक्क ग्रंथीकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांच्या क्रियेत बदल दिसला. हा प्रतिक्षेप आहे, थोड्या वेळाचा, आणि भुलीतला. भूल खुद्द रक्तदाबाचं नियंत्रण बिघडवते. या पेपरावरून कुणी बीपीच्या गोळ्या बंद करू नयेत.

14. मेंढ्या-डुकरांवर वेगळं काय मोजतात?

इथे नसतंतूपेक्षा हाड आणि बळ. कोलोका, केलर आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या एल-3 आणि एल-4 मध्ये पिना बसवून त्यांवर प्रवेगमापक लावले, स्नायूत सुईची इलेक्ट्रोड घातली आणि झटक्याची लांबी 10, 100, 200 मिलिसेकंद अशी बदलली. माथ्यावरचं बळ 80 न्यूटन तेच ठेवूनही मणक्याची हालचाल बदलली. बळाचा एकटा आकडा काही सांगत नाही, सोबत वेळ हवी, हे यातून नीट दिसतं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात ग्रेग काउचक यांच्या गटाने डुकरांवर वेगळी युक्ती केली. झटक्याच्या वेळी मणके नेमके कसे हलले ते आधी नोंदवायचं. मग कण्याचा तुकडा यंत्रमानवात बसवून तीच हालचाल पुन्हा घडवायची. मग एक लिगामेंट कापायचं, पुन्हा तीच हालचाल, बळ किती कमी पडलं ते बघायचं. मग डिस्क, मग फॅसेट. भिंतीतल्या विटा एकेक काढून भार कोणत्या विटेवर होता ते शोधावं तसं.

15. मानेच्या झटक्याने धमनी फाटते का, हे प्राण्यांवर तपासता येईल का?

अर्धवट. कुत्र्यांवर तशी पद्धत बसवायचा प्रयत्न झाला आहे. माणसांच्या मृतदेहांवर सिमन्स, लेनर्ड आणि हर्झोग यांनी 2002 साली मोजलं तेव्हा झटक्यात धमनीवर येणारा ताण ती फाटायला लागणाऱ्या ताणापेक्षा फार कमी निघाला. पण मेलेल्या धमनीत गुठळी होत नाही, आणि आधीच कमकुवत झालेली धमनी निरोगी कुत्र्यात सापडत नाही.

16. भारतात असा प्रयोग करायला परवानगी कुणाची लागते?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे: पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए. संस्थेचं प्राणीगृह तिच्याकडे नोंदलेलं हवं. उंदरांसारख्या लहान प्राण्यांसाठी संस्थेची प्राणी नीती समिती परवानगी देते. कुत्रा, मेंढी यांसारख्या मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव केंद्रीय समितीपर्यंत जातो. अर्जात प्राण्यांची संख्या का एवढी, भूल कोणती, वेदना कशी आवरणार, शेवट कसा करणार हे सगळं लिहावं लागतं. रसेल आणि बर्च यांच्या 1959 च्या तीन सूत्रांना, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा, आपल्याकडे चौथं जोडलं आहे ते पुनर्वसनाचं. बहुतेक फिजिओ कॉलेजांकडे प्राणीगृह नसतं. जवळच्या वैद्यकीय किंवा फार्मसी कॉलेजाशी बोला, आणि प्रबंधाच्या वेळापत्रकात परवानगीसाठी भरपूर महिने धरा.

17. प्राणी मारायचे नाहीत, पण विषय सोडायचा नाही. काही करता येईल?

येतं. खाटकाकडून आलेल्या बोकडाच्या किंवा डुकराच्या कमरेच्या तुकड्यावर बळ आणि हालचाल मोजता येते, प्रश्न 14 मधल्या धर्तीवर. तरी आधी नीती समितीला विचारून त्यांचं उत्तर लेखी घ्या. तुकडा ताजाच आणा, सलाइनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, दोन पिशव्यांत घालून उणे 20 अंशांवर ठेवा. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून हळू वितळू द्या, आणि टेबलावर असेपर्यंत मधून मधून सलाइन शिंपडत राहा, कारण वाळलेलं लिगामेंट दोरीसारखं ताठ होतं आणि आकडे फुगतात. स्पिंडल, प्रतिक्षेप, वेदना यांतलं काहीही या तुकड्यावर मोजता येणार नाही, तेव्हा प्रबंधाच्या शीर्षकात "न्यूरोफिजिओलॉजी" हा शब्द घालू नका. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक तेवढंच पकडतात.